मॉरिशसला बिऱ्हाड हलवायचंय: महिना ९५ हजारांत तिघांचं भागेल का?

मधुमालती

नमस्कार मंडळी. नवऱ्याला मॉरिशसमधल्या एबेनची नोकरी चालून आली आहे. पगार महिना ९५,००० मॉरिशस रुपये, करार तीन वर्षांचा. पहिल्या महिन्याचं हॉटेल आणि एकदाची विमानाची तिकिटं कंपनी देणार, घरभाडं आमचं आम्ही भरायचं. आम्ही ठाण्याचे. मी सहकारी बँकेत आहे, लेक पाचवीत आहे. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्या तोवर नणंदेकडे राहतील.

घरात सगळ्यांचं म्हणणं एकच: तिथल्या एका रुपयाचे आपले जवळजवळ दोन होतात, म्हणजे पावणेदोन लाखांच्या वर पगार झाला, आता विचार कसला करायचा? माझ्या गळी तो आकडा उतरत नाही. नेटवर जे हिशोब सापडतात ते युरोपातून येणाऱ्यांचे आहेत, समुद्रकाठचा व्हिला आणि गोल्फचं सभासदत्व धरून केलेले. मला वरणभात, शाळा, डॉक्टर आणि जाण्यायेण्याचा हिशोब हवा आहे. तिथे राहणाऱ्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावं.

दर्यावर्दी

मधुमालतीताई, मी एबेनमध्येच काम करतो आणि क्वात्र बोर्नला राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी ती दोनने गुणायची सवय सोडा. पगार इथल्या रुपयात येणार आणि खर्चही इथल्याच रुपयात होणार. गुणाकार करायचा तो महिनाअखेरीस जे शिल्लक राहील त्याचा.

जुलै २०२५ पासून इथे आयकराचे तीनच टप्पे आहेत. वर्षाचे पहिले ५ लाख करमुक्त, पुढच्या ५ लाखांवर १० टक्के आणि त्यावरच्या रकमेला २० टक्के. डिसेंबरात तेरावा पगार मिळतो. तो करारात स्पष्ट लिहून घ्या. तो धरला तर वर्षाचे १२ लाख ३५ हजार होतात आणि कर ९७ हजार, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या आसपास. अवलंबितांची वजावट मिळाली तर थोडा कमी होईल. शिवाय मूळ पगारावर ३ टक्के सीएसजी, म्हणजे सामाजिक सुरक्षेचं योगदान, कापलं जातं. हातात ८४ हजार धरा.

आता घर. या बेटावर एकाच वेळी दोन भाव चालतात. उत्तरेला ग्राँ बे आणि पश्चिमेला तामारँ, ब्लॅक रिव्हर इथे फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेतून आलेली मंडळी राहतात. तिथे तीन खोल्यांच्या घराला ५०-६० हजार सहज सांगतात, पोहण्याचा तलाव असला तर त्याहून जास्त. मधल्या पठारावर क्वात्र बोर्न, रोझ हिल, वाक्वा, क्युरपिप ही गावं एकमेकांना चिकटून आहेत. इथे स्थानिक नोकरदार माणूस राहतो आणि तेवढंच घर २०-२८ हजारांत मिळतं. मोका आणि एबेनचे नवे फ्लॅट या दोन्हींच्या मधे येतात.

क्युरपिप सगळ्यात स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. पण तिथला पाऊस आणि ओल बघून मगच ठरवा. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, कपाटातल्या चामड्याच्या चपला-पिशव्यांवर बुरशी धरते आणि भिंतींना पोपडे येतात. किनाऱ्यावर याच्या उलट. डिसेंबर ते मार्च एसीशिवाय झोप लागत नाही आणि सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाचं बिल वाचवलेलं सगळं खाऊन टाकतं. वाढत्या वापराला वाढता दर आहे. क्वात्र बोर्नला पंख्यावर भागतं. आमचं बिल अडीच-तीन हजारांच्या पुढे जात नाही.

घर बघताना भिंतींच्या रंगाआधी छताकडे बघा. सोलर हीटर आहे का आणि पाण्याची टाकी व पंप आहे का, हे आधी विचारा. पाऊस लांबला तर ऑक्टोबर ते डिसेंबर पाणी ठरावीक तासच येतं. ज्या घराला टाकी नाही त्या घरातली माणसं पहाटे उठून बादल्या भरतात. माझ्या पहिल्या घरमालकाने टाकी 'पुढच्या महिन्यात बसवतो' म्हणून सांगितलं आणि वर्षभर बसवली नाही. जे काही ठरेल ते करारात उतरलं पाहिजे. एक महिन्याचं डिपॉझिट आणि एजंटची दलाली बाजूला काढून ठेवा.

जाण्यायेण्याचं: रिक्षा इथे नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून मेट्रो पोर्ट लुई ते क्युरपिप पूर्ण धावते आणि २०२३ पासून एबेनलाही फाटा आला आहे. क्वात्र बोर्नला घर घेतलंत तर नवऱ्याला गाडीची गरज नाही. पण संध्याकाळनंतर बस विरळ होतात, रविवारी तर फारच. म्हणून वर्षभरात सगळेच गाडी घेतात, आणि गाडी हा इथला सर्वांत झोंबणारा खर्च आहे. दहा वर्षं जुन्या छोट्या जपानी गाडीलाही साडेतीन-चार लाख पडतात. विमा पूर्ण घ्या, पुराचं कलम वाचून घ्या. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या एकमेकींवर चढलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

शाळेबद्दल इथल्या आयांनीच लिहावं. पण तुमच्या हिशोबाचा निकाल तिथेच लागणार आहे.

अबोली

शाळेचं मी लिहिते. माझी दोन मुलं इथल्या खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. बहुतेक भारतीय कुटुंबं हाच मार्ग धरतात. एका मुलाचे महिन्याला २५ ते ३५ हजार, भरतीच्या वेळची मोठी रक्कम वेगळी, गणवेश आणि बस वेगळी.

सरकारी शाळा फुकट आहेत आणि चांगल्या आहेत, पण तुमच्या लेकीचं वय अडचणीचं आहे. सहावीच्या शेवटी इथे पीएसएसी नावाची राष्ट्रीय परीक्षा असते आणि तिच्यात फ्रेंच हा मुख्य विषय. वर्गात इंग्रजी पुस्तक, शिकवणं फ्रेंचमधून आणि मधल्या सुट्टीत क्रिओल, म्हणजे इथली बोलीभाषा. पहिलीत आलेलं मूल वर्षभरात पोपटासारखं बोलायला लागतं. पाचवी-सहावीत आलेलं मूल मात्र एकदम परीक्षेच्या तोंडी सापडतं. खाजगी शाळेत निदान सवड देतात.

अजून एक. सरकारी शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, खाजगीपैकी काहींचं जानेवारीत, काहींचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मध्येच आणलंत तर अर्ध्या वर्षाची फी जाते आणि मुलगी कुठल्याच वर्गात नीट रुजत नाही. नवऱ्याला पुढे जाऊ दे, तुम्ही दोघी वर्ष संपवून या.

आणि ताई, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुणीच हिशोबात धरलेली नाही. तुमचा स्वतःचा पगार. मी पुण्यात आयटीत होते. इथे जोडीदार म्हणून आले तेव्हा वाटलं, महिन्याभरात काहीतरी मिळेल. बेट लहान, नोकऱ्या मोजक्या आणि फ्रेंच येत नाही म्हटल्यावर अर्ज पुढे सरकत नाही. घरात दोन पगारांचा एक होतो. तो गेलेला पगार कुठल्याही खर्चाच्या यादीत दिसत नाही, पण सगळ्यांत मोठा खर्च तोच असतो.

निवांत

मी नाशिकचा, निवृत्त, पत्नीसह फ्लिक आँ फ्लाकला राहतो. इथे जरा घाबरवणं चाललंय असं वाटतं म्हणून लिहितो. आम्हा दोघांचा भाडं सोडून महिन्याचा खर्च ३० हजारांच्या आत आहे आणि आम्ही हात आखडून राहत नाही. पावाची किंमत सरकारने कित्येक वर्षं २.६० रुपयांवर धरून ठेवली आहे. धोलपुरीची, म्हणजे डाळ भरलेल्या पातळ पोळ्यांची, जोडी वीस रुपयांच्या आसपास मिळते आणि पोट भरतं. साठीच्या वरच्यांना बस फुकट. कोंबडी आणि अंडी इथलीच, भाव वाजवी. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. माझं बोट चिरलं तेव्हा कँडोसच्या व्हिक्टोरिया हॉस्पिटलात टाके घातले, एक रुपया घेतला नाही.

हवा स्वच्छ आहे, माणसं अगत्याची आहेत. त्याचे पैसे कसे मोजणार?

दर्यावर्दी

निवांतकाका, तुमचं सगळं खरं आहे. पण तुमच्या घरात शाळेची फी नाही, रोज नऊला गाठायचं ऑफिस नाही आणि उत्पन्न भारतातून येतं. ताईंच्या घरात या तिन्ही बाजू उलट्या आहेत. म्हणून म्हणतो, कुणाचाही महिन्याचा आकडा उचलून आपल्याला लावू नये.

सुगरण_वाक्वा

स्वयंपाकघराचं माझ्याकडून.

सुपरमार्केटमधून सगळं आणलंत तर तिघांचे ३० हजार होतील. बाजारातून आणलंत तर १८-२० हजारांत भागेल. क्वात्र बोर्नला बुधवार-शनिवार भाजीबाजार भरतो. सकाळी लवकर जा, बाराच्या पुढे गेलात तर कोमेजलेलं उरतं. भेंडीला लालो म्हणतात, कारल्याला मार्गोझ, दोडक्याला पिपँगाय, कोथिंबिरीला कोतोमिली. ब्रेद मुरूम मागितलंत की शेवग्याचा पाला मिळतो आणि ब्रेद सोंज म्हणजे अळू, वड्या सुरेख होतात. गवार, तोंडली, मेथी मिळते, पण रोज नाही. ज्वारी-बाजरीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, भाव ऐकून आपण अर्धा किलोच घेतो.

तूरडाळ, पोहे, रवा, गव्हाचं पीठ सगळं आहे, आणि सगळं बोटीने येतं. हे बेट ऊस पिकवतं, भाजी आणि कोंबडी पिकवतं, बाकी जवळजवळ सगळं बाहेरून आणतं. त्यामुळे आपल्याकडे काही झालं की इथल्या ताटात कळतं. जुलै २०२३ मध्ये भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि मग मॉरिशसला १४,००० टनांची खास सवलत दिली. त्याच डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली आणि फेब्रुवारीत मॉरिशससह मोजक्या देशांना पुन्हा परवानगी मिळाली. लासलगावात काय चाललंय ते मी इथे बसून रोज वाचत होते.

दूध हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ताजं दूध फार कमी. घराघरांत दुधाची पावडर, नाहीतर खोक्यातलं टिकाऊ दूध. त्याला जाड साय धरत नाही, विरजण लागतं पण कवडी पडत नाही. मी एक लिटर टिकाऊ दुधात दोन मोठे चमचे पावडर फेटून कोमट करते आणि मग विरजण घालते, रात्रभर झाकून ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन बंदच. सकाळी सुरी फिरवावी असं दही लागतं. पनीर, तूप मात्र महाग पडतं. लेक दुधावर वाढलेली असेल तर महिन्याला हजार-बाराशे दुधाचे वेगळे धरा.

मोठा पाऊस किंवा वादळ झालं की पालेभाजी आणि मिरची आठवडाभरात दुप्पट-तिप्पट होते. त्या दिवसांत दुधी, लाल भोपळा, कडधान्यं. नोव्हेंबर ते एप्रिल घरात चार दिवसांचं वाणसामान, मेणबत्त्या, पिण्याचं पाणी ठेवायचंच. वादळाचा तिसऱ्या श्रेणीचा इशारा लागला की दुकानं आणि बस दोन्ही बंद.

ओहोटी

मी प्रीमियम व्हिसावर आहे. महिना किमान १,५०० डॉलर उत्पन्नाचा पुरावा लागतो, काम मॉरिशसबाहेरच्या ग्राहकांचंच असावं लागतं. एकट्याला ग्राँ बेला मजेत राहता येतं. कुटुंबाचा हिशोब मला सांगता येणार नाही. फायबर इंटरनेट उत्तम आहे, हजार-पंधराशेत. भारतातून कुणी भेटायला आलं तर बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं, फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालंय.

हिशोबनीस

मी पुण्यात सीए आहे, मॉरिशसला गेलेले काही अशील आहेत. निघण्याआधी करायची कामं सांगतो.

नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याच्या नजरेत तुम्ही अनिवासी होता. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं, करून घ्या, मॉरिशसहून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई उघडा. एनआरईवरच्या व्याजाला भारतात कर नाही. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, मुदत वाढवता येत नाही. ठाण्याचं घर भाड्याने दिलंत तर भाडेकरूने अनिवासी मालकाच्या दराने कर कापायचा असतो. ही गोष्ट भाडेकरूंना माहीत नसते आणि नंतर दोघांनाही नोटिसा येतात.

निवांतकाकांसारख्यांसाठी: भारताचे निवासी असताना इथून वर्षाला १० लाखांपेक्षा जास्त पाठवलं की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. पहिल्या वर्षाच्या तजविजीत हे धरा.

आणि चलनाची जोखीम. २०१९ मध्ये डॉलरला साधारण ३६ मॉरिशस रुपये पडत, आता ४५च्या वर पडतात. आपला रुपयाही घसरला म्हणून आपल्याला ते जाणवत नाही, पण वस्तू डॉलरमध्ये येतात आणि पगार मॉरिशस रुपयात. करारात वार्षिक वाढ लिहून घ्या.

मोकाचा_मास्तर

सर्वांस सादर नमस्कार. मी मॉरिशसचा मराठी. माझे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गिरमिटात, म्हणजे मजुरीच्या करारावर, आले. मी मराठी शिकवतो, त्यामुळे माझे लिखाण आपणांस पुस्तकी वाटेल, क्षमा असावी.

भगिनींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०२४ च्या जानेवारीत येथील किमान वेतन १६,५०० रुपये झाले. ज्या तामारँमध्ये घराला ६० हजार भाडे मागतात, तेथेच दुकानात काम करणारी मुलगी यावर घर चालविते. पश्चिम किनाऱ्यावर ब्लॅक रिव्हरच्या बाजूस आमची जुनी मराठी वस्ती आहे. तेथील तरुणांना आता आपल्या आईबापांच्या गावात घर घेणे परवडत नाही, कारण जमीन परदेशी गिऱ्हाईक पाहून विकली जाते. म्हणून घरमालकाने सांगितलेला पहिला भाव लगेच मान्य करू नका. शेजाऱ्यांस विचारा. आपण जास्त दिले की पुढच्या स्थानिक कुटुंबास तेच द्यावे लागते. घरकामास बाई ठेवाल तर दिवसाचे हजाराच्या आसपास द्या आणि डिसेंबरचा बोनस तिचाही हक्क समजा.

आपल्या कन्येविषयी: आमच्या सरकारी प्राथमिक शाळांत मराठी विषय निवडता येतो. खाजगी शाळेत घातलीत तरी गणेश चतुर्थीस अवश्य भेटा, त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आमच्याकडे झाकरी नाचतात, कोकणातली जाखडी. आपणांस ती ओळखीची वाटेल.

अबोली

मास्तर, भाड्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. आमच्या कंपनीतली नवी मंडळी एजंट सांगेल त्यावर सही करतात, कारण मनात दोनने गुणाकार नाहीतर मुंबईचं भाडं असतं.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोघांनी बसून कागदावर मांडलं. हातात ८४ हजार. घर २६, वीज-पाणी-इंटरनेट साडेपाच, किराणा-भाजी-दूध २१, शाळा आणि बस ३२. इथेच ८४,५०० झाले. मेट्रो, डॉक्टर, फोन, ठाण्याच्या घराचा हप्ता आणि वर्षातून एकदा सासूबाईंना भेटायला यायची तिकिटं यातलं काहीच धरलेलं नाही. माझा पगार जाणार तो निराळाच.

नवऱ्याला हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प होता. आज त्याने कंपनीला कळवलं आहे: शाळेची फी किंवा घरभत्ता, दोन्हीपैकी एक तरी द्या, वर्षाला तिघांची तिकिटं द्या आणि तेरावा पगार व वार्षिक वाढ करारात लिहा. आरोग्यविमा तिघांचा मागितलाय, तो रुग्णालयात दाखल न होता केलेल्या तपासण्यांनाही लागू असावा असं सांगितलं. अजून काही मागायचं राहिलंय का?

दर्यावर्दी

विमा बरोबर मागितलात. खाजगीत साध्या डॉक्टरचे हजार, तज्ज्ञाचे दोन हजार होतात आणि रक्ततपासणीची यादी वाढत जाते. मोका, फ्लोरेआलची मोठी खाजगी रुग्णालयं थेट विम्यावर दाखल करून घेतात का, ते कंपनीला विचारा. नाहीतर आधी तुम्ही भरायचे आणि मग मागत बसायचं.

राहिलेल्या दोन गोष्टी. करार मुदतीआधी कंपनीने संपवला तर परतीची तिकिटं आणि सामान पाठवायचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. तिथे राहण्या-काम करण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की घर आवरायला फार वेळ मिळत नाही. आणि परवान्याच्या वैद्यकीय तपासण्या, फी हे सगळं कंपनीने भरावं.

मधुमालती

कंपनीचं उत्तर आलं. शाळेची निम्मी फी, तिघांचा विमा, वर्षाची तिकिटं आणि परतीचा खर्च मान्य. तेरावा पगार करारात आहे. घरभत्त्याला नकार.

दर्यावर्दी

निम्मी फी म्हणजे १५-१६ हजार सुटले. तिकिटांचा बोजा गेला. क्वात्र बोर्न किंवा रोझ हिलला मेट्रोजवळ घर घ्या, पहिलं वर्ष गाडी नको, आणि भाडं २४-२५ वर आणायचा प्रयत्न करा. मेट्रो, फोन, किरकोळ धरून महिन्याला आठ-दहा हजार हातात राहतील, तेरावा पगार अख्खा शिल्लक. यातून ठाण्याचा हप्ता बसत असेल तर या, बसत नसेल तर तुमची नोकरी सोडू नका, बिनपगारी रजा मिळते का ते आधी बघा.

अबोली

सहकारी बँकेत दीर्घ रजेचा नियम असतो, तो काढून वाचाच. आणि जानेवारीच्या प्रवेशासाठी शाळांना आत्ताच मेल टाका, जागा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरतात. मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्या शाळेचा अर्ज पाठवते.